इंग्रजी येते, पण तोंड उघडत नाही

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला आणि महाराष्ट्रात भाषेवरून रान पेटले. १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनची दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही मागे घेण्याची घोषणा आणि पाठोपाठ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती, असा तो अडीच महिन्यांचा प्रवास झाला. भाषा किती असाव्यात, कोणत्या इयत्तेपासून असाव्यात, कोणाच्या सांगण्यावरून असाव्यात, यावर सभांतून आणि दूरचित्रवाणीवर भरपूर बोलले गेले. पण या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. जी परकी भाषा आपण तब्बल पाव शतक पहिलीपासून शिकवत आलो, ती मुलांच्या तोंडी आली का?

हा प्रश्न मी जालना जिल्ह्यातून विचारतो आहे, त्याला कारण आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाच्या कानावर दुकानात, सोसायटीत, नात्यागोत्यात इंग्रजी पडत असते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर आणि खुद्द जालना अशा आमच्या आठ तालुक्यांत शाळेचा तास संपला की इंग्रजी संपते. मोबाइलमुळे आता ती खेड्यातल्या घरातही ऐकू येते, नाही असे नाही. पण ऐकणे वेगळे आणि समोरच्या माणसाला उत्तर देणे वेगळे. ते उत्तर देण्याची सवय इथल्या मुलाला लागायची तर ती वर्गातच लागणार. म्हणून इथला वर्ग काय करतो, याला महत्त्व.

पहिलीपासून आली, पुढे काय?

जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीत भेटत असे. तेव्हाही मोठा वाद झाला होता. कोवळ्या वयात दोन भाषांचे ओझे नको, असे एक बाजू म्हणत होती. पैसेवाल्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात, मग शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबायचे, असे दुसरी बाजू विचारत होती. दुसऱ्या बाजूचा प्रश्न रास्त होता, असे मला तेव्हाही वाटे, आजही वाटते. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. आता हिशेब मांडायला हरकत नसावी.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांचे इंग्रजी वाचनही काही वर्षी तपासले गेले. २०२२ च्या पाहणीत पाचवीतल्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होते. २०१६ मध्ये ते ४५.३ टक्के होते. म्हणजे सहा वर्षांत गाडी जवळपास तिथेच उभी. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यात ५७.३ टक्क्यांनी इंग्रजी वाक्ये वाचली आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. हे आकडे साऱ्या देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत, एकट्या जालन्याचे नव्हेत. पण आमच्या वर्गात बसलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाहीत.

तरीही माझे दुखणे या आकड्यांपलीकडचे आहे. ज्या मुलांना वाचता येते, अर्थही कळतो, ती मुले तरी बोलतात का? जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना एवढेच विचारत असे, की तुम्ही कोणत्या गावचे आणि सकाळी कॉलेजला कसे आलात, ते दोन वाक्यांत इंग्रजीत सांगा. वर्गावर जी शांतता पसरे, ती मी कधी विसरणार नाही. साठ मुलांच्या नजरा बाकावर खिळत. विशेष म्हणजे हाच प्रश्न कागदावर दिला, तर त्यातली निम्मी मुले बऱ्यापैकी उत्तर लिहीत. मंठा तालुक्यातून रोज एसटीने येणारी एक मुलगी पानभर निर्दोष इंग्रजी लिहायची आणि ‘मे आय कम इन’ म्हणायची वेळ आली की दाराशीच उभी राहायची. शब्द तिच्याजवळ होते. ते उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मोंढ्यातली हिंदी आणि वर्गातली इंग्रजी

आमची मुले मुळातच बुजरी, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. जालन्याच्या मोंढ्यात एक चक्कर मारा. मोसंबीचा भाव ठरवताना, परप्रांतातल्या व्यापाऱ्याशी घासाघीस करताना, पोलाद कारखान्यातल्या उत्तर भारतीय कामगाराशी बोलताना आमचा शेतकरी आणि त्याचा दहावीतला मुलगा बिनधास्त हिंदी बोलतात. ‘हमारे इधर पाऊसच नही गिऱ्या, भाव क्या खाक मिलेगा!’ या वाक्यात व्याकरणाचे काय होते ते होवो, व्यवहार मात्र चोख होतो. लिंग चुकते, क्रियापद चुकते, मधेच मराठी शब्द घुसतो. ऐकणाराही हसत नाही, कारण त्याला मालाशी मतलब असतो.

ही सवय आजची नाही. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणच उर्दूतून दिले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. मराठी घरातली मुले उर्दूतून गणित शिकली, उर्दूत अर्ज लिहिते झाली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मराठीला तिचे हक्काचे स्थान मिळाले. तात्पर्य, तीन-चार भाषांच्या वाऱ्यात वाढणे हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे. भाषा शिकण्याची ताकद इथल्या मातीत कमी आहे, असे म्हणायला इतिहासाचा आधार नाही.

मग चुकीची हिंदी बेधडक बोलणारा हाच मुलगा, बरोबर इंग्रजी येत असूनही गप्प का? माझे उत्तर असे. हिंदी तो काम साधण्यासाठी शिकला, इंग्रजी मात्र गुण मिळवण्यासाठी. बाजारात चुकले तर समोरचा माणूस पुन्हा विचारतो. वर्गात चुकले तर लाल रेघ पडते, आणि रेघेपेक्षा जास्त झोंबते ते मागच्या बाकावरचे हसू. मुलाला इंग्रजीची भीती नाही. त्याला परीक्षकाची भीती आहे, आणि इंग्रजीच्या बाबतीत त्याला अख्खे जग परीक्षक वाटते.

हसू कुठून येते?

मानसशास्त्राने या भीतीचा बराच अभ्यास केला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकणाऱ्यांच्या धास्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी या धास्तीशी तीन गोष्टी जोडल्या: चारचौघांत बोलण्याचा संकोच, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही भीती. आमच्या वर्गात या तिन्ही हातात हात घालून बसलेल्या असतात. त्यांतली तिसरी सर्वांत चिवट. कारण आपल्याकडे इंग्रजी हा केवळ विषय नाही, ती माणसाची पायरी ठरवणारी मोजपट्टी झाली आहे. भूगोलात नापास झालेल्या मुलाला कोणी गावंढळ म्हणत नाही. इंग्रजी उच्चार चुकला की त्याचे गाव, त्याचे घर, बापाचे कपडे, सगळेच हसण्यावारी जाते. ज्याच्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, ज्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्याला हे हसू दुप्पट लागते. मुलींचे तर विचारूच नका. मोठ्याने बोलू नये हे त्यांना आधीच घरी शिकवलेले असते. चुकीचे बोलू नये हे शाळा शिकवते. मग झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब मूल आपोआप करते.

मुलाच्या गप्प राहण्यामागे शिक्षकाचेही गप्प राहणे आहे, पण त्याबद्दल शिक्षकाला झोडपणे अन्याय होईल. २००० मध्ये ज्या प्राथमिक शिक्षकांच्या हाती पहिलीचे इंग्रजी आले, त्यांतले बहुतेक स्वतः पाचवीपासून भाषांतराच्या पद्धतीने शिकलेले होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवले, हे उपकार मोठेच. परंतु त्या पद्धतीत वाक्य आधी मराठीत मनात जुळवायचे, मग नियम लावायचे, मग उतरवायचे. कागदावर तेवढा वेळ मिळतो, संभाषणात मिळत नाही. ज्या गुरुजींनी स्वतः कधी इंग्रजीत गप्पा मारल्या नाहीत, त्यांनी मुलांकडून त्या करवून घ्याव्यात, ही अपेक्षा आपण ठेवली. बालभारतीने पहिलीच्या पुस्तकात चित्रे, गाणी, छोटे संवाद दिले. बहुतेक वर्गांत त्यांचे रूपांतर स्पेलिंगच्या घोकंपट्टीत झाले, कारण घोकंपट्टीत गुरुजींनाही सुरक्षित वाटते.

राहता राहिली परीक्षा. दहावीला भाषांसाठी ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला असत. शाळा ते वीस गुण सढळ हाताने वाटतात, या तक्रारीवरून २०१८-१९ या वर्षी ते काढून टाकले गेले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. या सगळ्या चर्चेत निकाल किती पडला आणि किती चढला, एवढेच बोलले गेले. तोंडी परीक्षा खरोखर घेतली तर मूल बोलू लागेल, हा तिचा मूळ हेतू कोणाच्या गावीही नव्हता. जी परीक्षा मुलाला बोलते करण्यासाठी होती, ती निकालाचा टेकू होऊन बसली.

गाडीवाटची जपानी

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्या शेजारीच घडले. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले गाडीवाट हे छोटे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारले, तुम्हाला कोणती परकी भाषा शिकायला आवडेल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाचे वेड असलेल्या मुलांनी जपानी म्हटले. शाळेने इंटरनेटवरच्या साहित्यावरून सुरुवात केली, पुढे एका जाणकाराने मदत केली. वर्षभरात कित्येक मुले जपानीत एकमेकांशी बोलू लागली आणि २०२० मध्ये त्यांच्या बातम्या देशभर झळकल्या.

या मुलांनी जपानी हौसेने निवडली होती आणि शिकणारी संख्याही मर्यादित होती, हे मान्य. तेव्हा त्यावरून फार मोठे सिद्धांत मांडू नयेत. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जपानी ही काही इंग्रजीपेक्षा सोपी भाषा नव्हे; तिची लिपी पाहूनच मोठ्यांना घाम फुटावा. पण जपानी येत नाही म्हणून या देशात कोणी कोणाला हसत नाही. गावात जपानी येणारा काका नव्हता, उच्चार सुधारणारी मावशी नव्हती, बोर्डाचा पेपर नव्हता. गुरुजी आणि मुले एकाच वेळी शिकत होती, एकाच वेळी चुकत होती. हसू वर्गाबाहेर राहिले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यातले मूल जगातली अवघड गणली जाणारी भाषा बोलू लागले.

आत्मविश्वास विकत मिळत नाही

पालकांना मुलाची ही मुकी अवस्था दिसते आणि ते त्यांच्या परीने उपाय शोधतात. आज तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या पहाटेपासून धावतात. शेतकरी बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण माध्यम बदलले म्हणजे भीती गेली, हे खरे नव्हे. घरी मराठी, वर्गात पुस्तकी इंग्रजी आणि शिकवणाऱ्याचेही तेच घोकलेले वाक्य, अशा ठिकाणी मुलाला ना धड मराठीत मन मोकळे करता येते, ना इंग्रजीत. मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत आधी त्याला धीटपणे बोलता आले पाहिजे. मराठीत चार वाक्ये सलग सांगू न शकणारे मूल इंग्रजीत कशी सांगणार?

दुसरा उपाय ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ या पाट्यांचा. त्यातून काहींचे भले होतही असेल. परंतु आत्मविश्वास ही काही वरून फासायची सफेदी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेची उगमस्थाने सांगितली, ती चार आहेत. स्वतः मिळवलेले यश हे पहिले आणि सर्वांत भक्कम. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे हे दुसरे. विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर तिसरा आणि शरीरा-मनाची निवांत अवस्था चौथी. यात तडाखेबंद भाषण कुठेच नाही. पुण्याहून आलेला वक्ता दोन तास टाळ्या घेऊन जातो आणि मुले दुसऱ्या दिवशी होती तिथेच असतात. त्याऐवजी आपल्याच गावचा, आपल्याच शाळेतून गेलेला, अडखळत का होईना पण इंग्रजीत काम करणारा मुलगा वर्गात येऊन अर्धा तास बोलला, तर जास्त उपयोग होतो. तो अडखळतो, हेच मुलांना धीर देणारे असते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, रोज दहा मिनिटे निव्वळ बोलण्याची. त्यात वही नाही, फळा नाही, गुण नाहीत. आधी शेजारच्याशी, मग चौघांच्या गटात आणि हळूहळू वर्गापुढे. मूल बोलत असताना मधेच चूक दुरुस्त करायची नाही. बोलून झाल्यावर गुरुजींनी तेच वाक्य सहज बरोबर म्हणून दाखवावे. माझ्या वर्गात हे करताना मी एकच नियम कडक ठेवला होता: इंग्रजी चुकले तर चालेल, दुसऱ्याच्या चुकीला हसले तर चालणार नाही. दिवाळीपर्यंत मागच्या बाकावरून आवाज येऊ लागे. ते इंग्रजी सुंदर नसे, पण ते त्यांचे असे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून ‘तेजस’ नावाचा उपक्रम काही जिल्ह्यांत चालवला. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठराविक काळाने जमत आणि आपल्या वर्गातल्या अडचणींवर बोलत. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. शिक्षकाला मोठ्या सभागृहात बसवून व्याख्यान ऐकवण्यापेक्षा, बरोबरीच्या दहा जणांत त्याला चुकायला जागा द्यावी. केंद्राच्या शाळेत महिन्यातून एकदा असा गट बसवायला कोणत्या नव्या इमारतीची गरज नाही. ज्याची स्वतःची भीड चेपली, तोच मुलाची भीड चेपू शकतो.

तिसरी गोष्ट, तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घ्या. आठवीपासून वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाला पाच मिनिटे समोर बसवून त्याच्या गावाबद्दल, शेताबद्दल, आवडीच्या खेळाबद्दल विचारा. समजले का आणि समजावता आले का, एवढ्यावरच गुण द्या.

आणि चौथी गोष्ट आपली, घरच्यांची. पाहुणे आले की ‘बाळ, जरा इंग्रजीत बोलून दाखव’ म्हणणे आता पुरे. त्या क्षणी आपण बैठकीच्या खोलीत परीक्षा मांडतो आणि काकांना परीक्षक नेमतो. त्यापेक्षा शाळेत आज काय झाले, ते रोज रात्री मराठीत सविस्तर सांगू द्या. ज्याचे म्हणणे घरात ऐकून घेतले जाते, त्याला बाहेर बोलायला धीर येतो, मग भाषा कोणतीही असो.

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ म्हटले जाते. हे दूध पिऊन मुले गुरगुरतील, अशी अपेक्षा होती. आमच्या भागात मात्र ते दूध पाजताना आपण मुलांना वाघिणीचीच भीती घातली. आज त्याची किंमत मोजावी लागते आहे. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि या गावाचे बियाणे देशभर पोहोचले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ पासून जालन्यात आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. शिक्षण आणि काम पूर्वीसारखे फक्त पुण्या-मुंबईत राहिलेले नाही, ते दाराशी येऊ लागले आहे. अशा वेळी मुलाखतीच्या खोलीत आमची मुले कामात कमी पडून परत आली, तर त्यांना अधिक शिकवता येईल. पण सगळे येत असताना केवळ तोंड उघडले नाही म्हणून ती परत येत असतील, तर ते अपयश त्यांचे नाही. त्यांना चुकू न देणाऱ्या आपणा सर्वांचे ते आहे. पोहायला शिकवायचे तर पाण्यात उतरवावेच लागते. आपण पंचवीस वर्षे मुलांना काठावर बसवून पाण्याचे स्पेलिंग पाठ करून घेत आहोत.